तीन अक्षरांची आजी

रविवारी सकाळी त्रिमूर्ती चौकातल्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून मी उभी होते, तेव्हा माझ्या भावाचा, अमोलचा, मेसेज आला. "आजी गेली." एवढंच. मी जुडी तशीच धरून राहिले असेन, कारण भाजीवाली म्हणाली, "ताई, घ्यायची नसंल तर दाबू नका, पानं मरतात." डोळ्यांसमोर पहिल्यांदा चतुराबाई आली, आमची चांदवडची आजी, नानांची म्हणजे वडलांची आई, आणि मग लक्षात आलं की तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आईची आई तर मी शाळेत असतानाच गेली होती. म्हणजे आमच्या घरात जायला कुठली आजी उरलेलीच नव्हती. पाच-सात सेकंद मला कळेना की कोण गेलं. न कळता दुःख आधी येऊन बसतं, नाव मागून येतं, हे मी चार महिन्यांत बऱ्यापैकी शिकले होते. मग अमोलनं पुण्याहून दुसरा मेसेज पाठवला, एक लिंक. जपानी अक्षरं, आणि मध्ये एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो. चौकडीचा शर्ट, खिशाला पेन, कॅमेऱ्याकडे न बघता जरा खाली बघणारे डोळे. तोकुजी अजिमा. वय चौऱ्याहत्तर. माझा अंगठा तोवर दुसरीकडे गेला होता. नानांचा नंबर काढून मी थांबले होते. ही बातमी सांगावी असा जगात एकच माणूस होता आणि तो चार महिन्यांपूर्वी गेला होता.

मी मेथी घेतली आणि पिशवी खांद्याला लावून तिथेच कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ते चष्म्याचं दुकान आहे. पूर्वी तिथून चार गाळे सोडून नानांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नाना आयटीआय झालेले, अंबडला टीव्ही जोडायच्या कंपनीत होते. ती बंद पडली तेव्हा आपल्या मित्राला, मल्हारीकाकांना, बरोबर घेऊन त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पाच मशीन मांडली. आम्ही त्यांना खोकी म्हणायचो. आत हिरवा बोर्ड असायचा, त्यावर सगळा गेम. बोर्ड मुंबईहून यायचे, तिसऱ्या-चौथ्या हातून, कंपनीचं नाव खरवडून टाकलेले, कोणाचे, कुठले, काही पत्ता नाही. पहिला जो आला त्यात एक माणूस छत्री घेऊन घरांच्या छपरांवरून चालायचा. नानांनी बटण दाबलं, पडदा उजळला आणि सगळ्यात जास्त मार्क मिळवणाऱ्या पाच जणांची यादी आली. कोणीही अजून खेळलेलं नव्हतं, तरी यादी होती. प्रत्येकाचं नाव तीन इंग्रजी अक्षरांत. सगळ्यात वर ए, जे, आय. नानांनी मोठ्यानं वाचलं, "आजी." मल्हारीकाका वाकून बघत म्हणाले, "आयला, आजी पयली?" आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. कारण त्या तीन घरांत नाव बसवताना सगळ्यांचीच कापाकापी व्हायची. माझं उज्वला कापून यू-जे-यू झालं, अमोलचा मधला स्वर गेला, मल्हारीकाका नुसते मल राहिले आणि पोरांनी त्यावरून त्यांना वर्षभर छळलं. आख्ख्या यादीत आजीच तेवढी पूर्ण मावत होती. जपानमध्ये एक आजी आहे, ती गेम बनवते आणि स्वतःच सगळ्यात चांगला खेळते, असं आमच्या घरात ठरून गेलं. मी तेव्हा सहा वर्षांची होते. चांदवडला एक आजी, देवळालीला एक आणि जपानला एक. बऱ्याच मुलांना दोनच असतात याचं मला वाईट वाटायचं.

सिडकोत तेव्हा दिवसातून दोनदा लाइट जायची. लाइट गेली की पोरांनी जीव तोडून लावलेली नावं पुसली जायची, बोर्डाला काही लक्षात राहत नसे. लाइट आली की यादी पुन्हा पहिल्यासारखी, वर आजी. पोरं चिडायची. "नाना, माझं नाव होतं ना हो दोन नंबरला, तुम्ही पाहिलंय!" नाना म्हणायचे, "पाहिलंय. मी साक्षीदार आहे. पण लाइट गेल्यावर फक्त आजी राहते, त्याला मी काय करू?" अंबडची पहिली पाळी सुटली की कामगार यायचे, हात तेलकट, खेळायची दांडी धरायच्या आधी पँटला पुसायचे. नाना एका खोक्याला टेकून उभे राहायचे आणि खेळणाऱ्याकडे नाही, पडद्याकडे बघायचे. मला पुष्कळदा वाटतं की वाचायचं कसं हे मी नंतर कॉलेजात कोणाकडून शिकले नाही, तिथे शिकले. नानांनी आयुष्यात कादंबरी वाचली नाही. पण दुसरा बोर्ड आला, त्यात छत्रीवाला नव्हता, पाण्यातली होडी होती, यादीही खरवडल्यासारखी कोणीतरी बदलून भलतीच नावं टाकलेली, आणि नाना दहा मिनिटं बघून म्हणाले, "हा आजीचा हात आहे." मल्हारीकाका म्हणाले, "कशावरून? सही कुठाय?" नाना म्हणाले, "मगर बघ. तोंड उघडते, आणि मग थांबते. एक क्षण. पळायचं असेल त्याला पळू देते. बाकीच्यांच्या गेममध्ये तोंड उघडलं की गेलास. आजी हात उगारते, पण लगेच मारत नाही."

त्यांचं दुसरं प्रमाण म्हणजे पार. आजीच्या प्रत्येक गेममध्ये तीन अवघड टप्पे झाले की एक असा टप्पा यायचा, जिथे काहीच अंगावर येत नसे. नुसता रस्ता, एखादं झाड, लांबवर घर, त्यातून धूर. चालत जायचं, बस. पोरांना तो फुकट वाटायचा, कारण तिथे मार्क मिळत नसत. नाना मात्र ओरडायचे, "पार आला, पार! टेका जरा." कामगार खरोखरच दांडी सोडून बोटं मोडायचे, मान फिरवायचे. कांद्याच्या हंगामात नानांनी एक खोकं लासलगावला स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीत ठेवलं होतं. लिलावात नंबर लागेपर्यंत ट्रकवाले ताटकळत, ते खेळायचे. तिथला एक पंजाबी ड्रायव्हर नानांना म्हणाला होता, ये जिसने बनाया, उसने कभी लंबी गाडी चलाई है. ही गोष्ट नाना आयुष्यभर सांगत. सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू त्यांच्याच आईची कोणी स्तुती केली. दहा-अकरा वर्षांत त्यांनी आजीचे सहा गेम ओळखले. छत्रीवाला, होडी, जिना, पतंग, विहीर, आणि एक विमानाचा, ज्याबद्दल त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. "विमानात ती दमलेली वाटते," ते म्हणायचे. "मनाविरुद्ध केलंय." मग मारामारीचे गेम आले, दोन माणसं समोरासमोर, थांबायला जागाच नाही. आजीचं नाव पुन्हा कुठे दिसलं नाही. नाना म्हणाले, "रिटायर झाली असेल. किती करायचं तिनं." पुढे वर्षभरातच दुकान बंद झालं, नाना पंखे-मिक्सर दुरुस्त करू लागले, पण छत्रीवाल्याचं खोकं त्यांनी विकलं नाही. ते घरात गॅलरीत येऊन बसलं. आई त्यावर कपडे वाळत घालायची आणि त्याला फक्त "खोकं" म्हणायची. तिच्या तोंडून आजीचं नाव कधी आलं नाही. दुकानानं तिचं काय काय नेलं होतं ते तिलाच ठाऊक.

पायरीवर बसून मी ती जपानी बातमी फोनला मराठीत करायला लावली. फोननं केली, त्याच्या पद्धतीनं. एका ओळीत "तो कंपनीत रुजू झाला", पुढच्या ओळीत "ती म्हणाली की मुलांना श्वास घ्यायला जागा हवी". पुन्हा "त्याने", पुन्हा "तिचे". जपानीत बहुधा तो-ती म्हणावंच लागत नसेल, आणि फोन बिचारा दर वाक्याला अंदाज बांधत होता. मी ते वाचत राहिले आणि हसू आलं, आणि मग हसू थांबलं, कारण तीन वर्षांपूर्वीची ती दुपार समोर येऊन उभी राहिली.

दिवाळीचे दिवस होते. नाना गॅलरीत खोक्याचं मागचं दार उघडून एका तारेला डाख देत होते, आणि मी त्यांना खूश करायचं म्हणून फोनवर शोधत होते. खरंच खूश करायचं होतं. छत्री, छपरं, साल, असं टाकत टाकत मला एक इंग्रजी मुलाखत सापडली. मी पळत गेले. "नाना, आजी सापडली!" त्यांनी डाख द्यायचं तापलेलं हत्यार बाजूला ठेवलं, हात पुसले, चष्मा लावला. मी वाचून दाखवू लागले. तोकुजी अजिमा. अजिमामधलं ए-जे-आय. त्या काळी कंपन्या आपल्या माणसांची नावं बाहेर येऊ देत नसत, दुसऱ्या कंपनीनं पळवू नये म्हणून, तेव्हा लोक अशी टोपणनावं यादीत दडवून ठेवत. हे अजिमा आधी बागेतल्या, नाणं टाकलं की डोलणाऱ्या घोड्यांचे आराखडे काढायचे. मग गेम. मग कंपनीनं तो विभाग बंद केला आणि त्यांना पार्किंगची तिकिटं देणाऱ्या मशीनच्या पडद्याचं काम दिलं. मग एका तंत्रशाळेत शिकवलं. विमानाचा गेम त्यांनी खरंच वरून सांगितलं म्हणून केला होता, आणि हे वाचताना मी नानांकडे बघितलंसुद्धा, की बघा, तुम्ही बरोबर होतात. पण तिथेच थांबले नाही. मी पडले मास्तरीण, चूक दुरुस्त करायची सवय. मी म्हणाले, "आजी वगैरे काही नाही हो नाना, बाई नाहीच. पुरुष आहेत. आणि तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान."

नाना म्हणाले, "अस्सं." मग फोटो बघितला, बराच वेळ. मग म्हणाले, "बरं. म्हणजे यांनी... म्हणजे ते..." आणि त्यांना पुढे वाक्य सापडेना. मला तेव्हा कळलं नाही. आज पायरीवर बसून कळत होतं, फोनच्या त्या अडखळत्या तो-तीमध्ये. आमच्यात आईला, आजीला तू म्हणतात. अगं आजी, ये, बस, किती थांबवशील. वडलांना, मास्तरांना, साहेबांना तुम्ही म्हणतात. नानांना मी जन्मभर तुम्ही म्हणत आले. त्यांच्या आजारपणातसुद्धा, त्यांना कूस बदलून देतानासुद्धा, "जरा वळता का" असंच म्हणाले. नाना पस्तीस वर्षं ज्या माणसाशी तू म्हणून बोलत होते, खोक्यापुढे एकटे असताना "अगं, मार की आता" म्हणून हसत होते, त्या माणसाला मी एका वाक्यात साहेब करून टाकलं. ते खुर्चीवर बसले. नानांना साहेब लोकांशी बोलायची सवय नव्हती. अंबडच्या कंपनीत चौदा वर्षं त्यांनी साहेबांसमोर मान हलवली होती, तेवढंच. त्या दिवशी त्यांनी खोक्याचं दार लावून घेतलं, आणि त्यानंतर तीन वर्षांत माझ्यासमोर आजीचं नाव एकदाही काढलं नाही. मी एकदा-दोनदा काढून बघितलं. "हो, अजिमासाहेब," असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात डोळे मिटून एकदा म्हणाले, "थांबलीय अजून." मी दारात होते. मी म्हणाले, "हो नाना, आहे मी." त्यांनी मान हलवली की नाही ते मला नीट दिसलं नाही. त्यांच्या म्हातारपणातली एकच सोबत मी माहितीच्या बदल्यात काढून घेतली, हे मला तेव्हापासून कुठेतरी ठाऊक होतं. कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, काय बाई, गेमचं काय एवढं.

गेल्याची बातमी फोनवर सांगायची नसते, जाऊन सांगायची असते. मी मेथीची पिशवी घेऊन पाथर्डी फाट्याला मल्हारीकाकांकडे गेले. ते आता मुलाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात. मला बघून म्हणाले, "ये गं. भाजी आणलीस का काकाला? का नुसतं दाखवाया?" मी समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "काका, आजी गेली." त्यांनी विचारलं नाही कोणती. मांडीवर पसरलेला पेपर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. "कधी?" "परवा. जपानमध्ये." "काय झालं व्हतं?" "बातमीत दिलंय काहीतरी. झोपेत." काका म्हणाले, "सुटली. चांगली सुटली. लय केलं तिनं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "आपल्याला आंघोळ लागंल. लांबचं हाय, सुतक नाय धरायचं, पण ऐकल्यावर डोक्यावरनं पाणी घ्यावं लागतं." मी म्हणाले, "काका, ते पुरुष होते. मी नानांना तीन वर्षांपूर्वीच..." काका म्हणाले, "ठावं हाय मला. मोतीराम, तुझा नाना, त्याच दिवशी इथं आला व्हता. हीच खुर्ची. आठ दिवस समद्यांना सांगत व्हता, माझ्या पोरीनं आजीचा पत्ता काढला. पेपरवाला, इस्तरीवाला, कोणाला सोडलं नाय. माझं डोकं उठवलं."

काकांच्या मुलाच्या दुकानात कोणाच्या तरी फोनची रिंगटोन तपासत होते, तीच तीच चार सेकंदं वाजत होती. मी विचारलं, "मग माझ्याशी का नाही बोलले कधी?" काका म्हणाले, "तुझ्यासमोर ते म्हणावं लागायचं. अजिमासायब. त्याला जमायचं नाय, जीभ वळायची नाय. म्हणायचा, मल्हारी, पोरगी बरोबर हाय, मी तिला कशाला खोटं पाडू. पण आपल्यात ती आजीच." ते हसले. "दर गुरुवारी यायचा. पार्किंगचं तिकीट घ्यायच्या मशीनीसमोर जाऊन हुभा राहिला व्हता एकदा, मॉलमधी. गाडी नाय, काय नाय. मला म्हणे, बटण दाबल्यावर तिकीट यायच्या आधी जरा थांबतंय का बघू. आजीचं असंल तर थांबंल." "थांबलं?" "कुठलं! गार्डनं हाकललं दोघांना."

घरी परतताना रिक्षात मी ते मनात नीट लावून बघत होते. म्हणजे आजी त्यांच्याकडून गेली नव्हती. तीन वर्षं ती पाथर्डी फाट्याला होती, दर गुरुवारी, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. गेली होती ती माझ्याकडून. मला खोटं न पाडता बरोबर ठेवण्यासाठी त्यांनी तिला उचलून दुसऱ्याच्या दारात नेलं, आणि मी घरात बसून, बरोबर राहिले. हे आधीपेक्षा हलकं होतं की जड, ते मला ठरवता येईना. त्यांना एकटं केलं नव्हतं, एवढं खरं. पण ते गुरुवार माझे असू शकले असते, मॉलमधून हाकलून दिलेल्यांत मी असू शकले असते, हेही खरं होतं. अंबड लिंक रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी काहीतरी पुटपुटले असेन, कारण रिक्षावाल्यानं आरशातून बघत "काय म्हणलात ताई?" असं विचारलं. मी म्हणाले, "काही नाही."

आई गॅलरीत बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली, तिनं जुडी सोडली, एक पान उचलून बघितलं. "एवढा वेळ? आणि ही काय मेथी आहे? सुकून गेलीय." मी म्हणाले, "आई, मला आंघोळ करायचीय. डोक्यावरून." तिनं मान वर केली. चार महिन्यांत तिला त्या वाक्याचा अर्थ विचारायची गरज राहिली नव्हती. "कोण गेलं?" मी म्हणाले, "नानांची आजी. जपानची." म्हणताना वाटलं होतं की ती हात झटकेल, काहीतरी टोमणा मारेल, खोक्यानं आयुष्यभर छळलं, आता सुतकही त्याचंच का. ती मेथी निवडत राहिली. तीन-चार काड्या. मग तिनं विचारलं, "किती वर्षांची होती?"

होती म्हणाली. मी म्हणाले, "चौऱ्याहत्तर."

"लहानच की," आई म्हणाली. तिनं मांडीवरचा पाचोळा झटकला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आधी मी जाते. तू नात, तुझं मागून झालं तरी चालतं. मी सून आहे." आणि मी काही म्हणायच्या आत ती आत गेली. दांडीवरचा टॉवेल ओढल्याचा, मग कडीचा, मग बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभी राहिले. बादली भरेपर्यंत आत ती काहीतरी बोलत होती, कोणाशी ते कळत नव्हतं, सूर भांडणाचा होता आणि भांडण जुनं, घरातलं, मायेचं होतं. मग नळ बंद झाला.

"उज्वला," तिनं आतून हाक मारली. "पहिला तांब्या नाव घेऊन ओतायचा असतो. काय नाव घेऊ गं तिचं?"

नाव मला ठाऊक होतं. आडनावासकट, उच्चारासकट, गावासकट.

"आजी म्हण," मी म्हणाले. "नुसतं आजी."